बिनआवाजाचा कॉम्प्युटर

लताई हे तिचं खरं नाव नव्हे. अक्षरं गिळणारी, बोलताना अडखळणारी मुलं तिच्याकडे यायची आणि ती त्यांच्याकडून 'र'चा सराव करून घ्यायची, म्हणून कुणीतरी तिला र-ताई म्हणायला लागलं. आता ज्यांना र म्हणता येत नाही तेच तिच्याकडे येणार. त्यामुळे र-ताईची लताई व्हायला वेळ लागला नाही. पुढे मुलं खणखणीत र म्हणत आपापल्या घरी गेली, पण लताई ती लताईच राहिली. आईबाप तेच म्हणत, शेजारच्या खोलीतला फिजिओ तेच म्हणे, आणि दारावरची वाचा-उपचारतज्ज्ञ अशी पाटी बहुधा एकटा पोस्टमन वाचत असावा.

मास्तर तिच्याकडे बोलायला शिकायला आले नव्हते. ते बोलणं साठवून ठेवायला आले होते.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. अर्ध्या शहराला क्लच कधी सोडायचा हे त्यांनीच शिकवलं होतं. माणूस किरकोळ, पण आवाज असा, की शिकाऊ गाडीच्या काचा बंद असल्या तरी रस्त्यावरच्या लोकांना आत काय चाललंय ते कळायचं. मग नसांचा आजार झाला. हातापायांच्या आधी तो जिभेत आणि घशात शिरला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की आवाज जाणार. हळूहळू जाईल, पण जाणार.

अशा माणसांसाठी एक सोय निघाली होती. आवाज आहे तोवर ठरलेली वाक्यं वाचून ध्वनिमुद्रित करायची, एका कंपनीकडे पाठवायची, आणि ती कंपनी त्यावरून त्या माणसाचा आवाज तयार करून देते. पुढे बोलणं थांबलं तरी बोटाने टाइप करावं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात बोलावं. वाक्यं मात्र शेकड्यांनी वाचावी लागत, आणि भाषेतला प्रत्येक आवाज यावा म्हणून ती काहीच्या काही बनवलेली असत.

"पिवळ्या छत्रीखाली उभा असलेला उंट खुदकन हसला," असं एक वाक्य मास्तरांनी वाचलं आणि पडद्यावरून मान वर केली. "लताई, हे लिहितं कोण? त्याला एकदा माझ्या गाडीत बसवा. मी नुसता चौकातून फिरवून आणतो."

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसलेल्या असत. त्या म्हणाल्या, "अहो, वाचा मुकाट्याने."

"मुकाट्याने वाचलं तर इथे कशाला आलो?" मास्तर म्हणाले, आणि तिघंही हसली.

निम्म्याहून जास्त वाक्यं अशी हसतखेळत झाली. अडचण आली ती लताईच्या जुन्या कॉम्प्युटरची. तो तापला की त्याचा पंखा सुरू व्हायचा आणि खोलीत घुर्रर्र असा आवाज भरून राहायचा. मास्तरांचा आवाज दणदणीत होता तोवर पंख्याची काय बिशाद! पण आवाज उतरत गेला तसा पंखा वर यायला लागला. एके दिवशी कंपनीने काही वाक्यं परत पाठवली. मागे घरघर ऐकू येते, पुन्हा वाचा, असा निरोप. मास्तरांनी ती पुन्हा वाचली, पण वाचून झाल्यावर बराच वेळ खोकत राहिले. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि लताईकडे पाहिलं. ती नजर लताईच्या मनात घर करून बसली. या माणसाचा एकेक शब्द मोजका उरलाय आणि आपण तोच दोनदा काढून घेतोय, असं तिला वाटलं.

नेमक्या त्याच आठवड्यात तो नवा कॉम्प्युटर बाजारात आला. पाटीसारखा पातळ, आणि मुख्य म्हणजे त्यात पंखाच नव्हता. मुळीच आवाज होत नाही, असं जाहिरातीत ठळक लिहिलेलं. लताईने ते वाचलं आणि हा आपल्यासाठीच बनवलाय अशी तिची खात्रीच पटली.

"थांब जरा," फिजिओ म्हणाला. दोघांच्या खोल्यांच्या मध्ये एक छोटी जागा होती. तिथे उभ्याने चहा पिताना त्यांच्या सगळ्या चर्चा होत. "नव्या वस्तूची पहिली गिऱ्हाइकं म्हणजे त्या कंपनीचे तपासनीस. काय बिघडतं ते आपण शोधायचं, आणि वर पैसेही आपणच मोजायचे. चारसहा महिने जाऊ दे, मग घे."

"चारसहा महिन्यांनी मास्तरांचा आवाज असेल का?"

खरं तर लताईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण अगदी खरं सांगायचं तर त्यात थोडी हौसही होती. इतकी वर्षं जुन्यापान्या सामानावर काढल्यावर एखादी कोरी करकरीत वस्तू सगळ्यांच्या आधी आपल्या टेबलावर असावी, असं तिला वाटलं तर त्यात नवल नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी मागणी नोंदवली.

कॉम्प्युटर आला. खोक्यावरचा कागद तिने फाडला नाही, अलगद सोडवला. सुरू केला तर खरंच चिडीचूप. तिने कान लावून पाहिलं. स्वतःच्या श्वासापलीकडे काही ऐकू येईना. मास्तरांची पहिली दोनतीन वाक्यं ध्वनिमुद्रित करून तिने परत ऐकली. स्वच्छ, नितळ, मागे पंख्याचा मागमूस नाही. तिला गहिवरून आलं.

त्याच संध्याकाळी तिने जुना कॉम्प्युटर वन्संना देऊन टाकला. तिच्या नवऱ्याची ही मोठी बहीण शाळांच्या गणवेशांवर भरतकामाचे बिल्ले काढून द्यायची. तिचा कॉम्प्युटर ऐन कामाच्या गर्दीत बंद पडला होता आणि भरतकामाचं यंत्र नुसतं उभं होतं. "देवासारखी धावून आलीस गं," वन्सं म्हणाल्या. लताई हलक्या मनाने घरी आली.

त्यानंतरच्या बैठका सुरळीत झाल्या, किंवा तसं वाटलं तरी. मास्तरांचे ट आणि ड आता बोथट झाले होते. वाक्य लांब असलं की शेवटाला दम पुरत नसे. पण खोली शांत होती. लताई हेडफोन लावून एकेक वाक्य ऐकत होती आणि हाताने 'छान, पुढचं' अशी खूण करत होती. एकदा गाडीचं वाक्य आलं तर वाचता वाचता मास्तरांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. काकूंनी ते पाहिलं आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

उरलेली वाक्यं संपली तेव्हा मास्तर म्हणाले, "सुटलो. आता त्या उंटाला... सांगा, हसून घे." हे वाक्य म्हणायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

लताईने सगळी वाक्यं कंपनीकडे पाठवली आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा शांत झोपली.

उत्तर आलं ते सकाळी, पहिलं मूल यायच्या आधी. जुन्या कॉम्प्युटरवरची वाक्यं स्वीकारली होती. नव्यावरची जवळजवळ सगळी नाकारली होती. कारण म्हणून एकच ओळ होती: आवाजात खंड आहेत.

खंड? तिने मधलंच एक वाक्य लावलं. पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग हेडफोन घट्ट दाबून पुन्हा ऐकलं. आणि तिला ते सापडलं. जिना उतरताना एक पायरी नसावी आणि पाय खाली जावा, तसं मास्तरांचं वाक्य मध्येच क्षणभर नाहीसं होत होतं आणि पुढून पुन्हा सुरू होत होतं. 'दरवाजा'मधला व अर्धा. 'गडबड'मधला ड गायब. तिने दुसरं वाक्य लावलं. तिसरं लावलं. मग ती कुठलंही, कसंही लावत सुटली. प्रत्येकात कुठे ना कुठे ते भोक होतंच.

पण मी तर प्रत्येक वाक्य ऐकलं होतं! ती स्वतःशीच म्हणाली. बाहेर एक मूल आणि त्याची आई येऊन बसली होती. तिने त्या मुलाचा तास घेतला, त्याच्याकडून रस्ता, रेडा, राजा म्हणवून घेतलं.

मूल गेल्यावर तिने कॉम्प्युटर कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाचा मुलगा आला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"हो मॅडम, ही अडचण आमच्या लक्षात आलेली आहे," तो म्हणाला. "मशीन थोडा वेळ चालू राहिलं की वीज वाचवण्यासाठी ते काही भाग क्षणभर बंद करतं. त्यात बाहेरून जोडलेल्या माइकचा आवाज कधीकधी तुटतो. नव्या मॉडेलमध्ये अशा छोट्या गोष्टी असतात. पुढच्या अपडेटमध्ये हे दुरुस्त होईल."

"कधी येणार अपडेट?"

"लवकरच, मॅडम."

"लवकर म्हणजे केव्हा?"

"लवकरात लवकर."

"आणि जे तुटलंय ते? ते अपडेटने भरून निघेल?"

"नाही मॅडम. जे मशीनने घेतलंच नाही, ते परत कसं आणणार?"

मग तिने माइक बनवणाऱ्यांकडे चौकशी केली. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट कळली. हेडफोनमध्ये तिला ऐकू येत होता तो थेट माइकचा आवाज. कॉम्प्युटरमध्ये साठत होता तो नव्हे. म्हणून तिला सगळं ठीक वाटलं. पहिली दोनतीन वाक्यं तपासली तेव्हा मशीन नुकतंच सुरू झालेलं, अजून झोपा काढायला लागलं नव्हतं. "नव्या मॉडेलवर आमची चाचणी व्हायची आहे, तोवर महत्त्वाच्या कामाला वापरू नका, असं आम्ही आमच्या वेबसाइटवर लिहिलंय," तिथला माणूस म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं. लिहिलं होतं. तिने वाचलं नव्हतं.

चहाच्या जागेत फिजिओ भेटला. तिचा चेहरा पाहून त्याने कप खाली ठेवला. तिने सांगितलं. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले तिला दिसले, आणि त्याने ते चहाबरोबर गिळलेलेही दिसले.

"माझा कॉम्प्युटर घे," तो म्हणाला. "जुना आहे, पण चालतो."

"नाही चालणार. सगळी वाक्यं एकाच साधनावरची हवीत, हे मी आज आवाजाच्या कंपनीला विचारलं तेव्हा कळलं. पहिली माझ्या जुन्यावर झालीत. दुसरं काही वापरलं तर आवाज दोन माणसांचा वाटतो म्हणे."

"मग जुना आण परत."

"तो वन्संकडे आहे. आणि कॉम्प्युटर आणेन रे. पण मास्तर..."

वन्संच्या घरी भरतकामाचं यंत्र खडखडत होतं. टेबलभर शाळेचे बिल्ले पसरले होते. जुना कॉम्प्युटर मध्यभागी ऐटीत बसला होता आणि त्याचा पंखा घुर्रर्र करत होता. लताईला तो आवाज ऐकून रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"दिलेली वस्तू परत मागायला आलीस?" वन्संनी आधी हसून विचारलं, मग तिच्याकडे नीट पाहून यंत्र थांबवलं. "काय झालं गं?"

लताईने सांगितलं. सांगताना तिला जाणवलं, की आपण हे अजून ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलेलंच नाही.

वन्संनी बिल्ले एका बाजूला सारले. "मी शाळेला फोन करते. बिल्ले चार दिवस उशिरा आले म्हणून कुणाचं शिक्षण थांबत नाही. तुझं ते बोलण्याचं सॉफ्टवेअर मी काढून टाकलं होतं बघ. परत घालता येईल ना?"

"येईल," लताई म्हणाली. पण ते खरोखर चालू होऊन पडद्यावर दिसेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

मास्तरांच्या घरी जाताना रस्त्यात तिने काय बोलायचं ते मनातल्या मनात घोळवलं. कंपनीची चूक, मशीनचा दोष, कुणालाच कल्पना नव्हती. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि प्रत्येक वाक्य तिला स्वतःलाच खोटं वाटत होतं.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. गेल्या भेटीपेक्षा मान थोडी अधिक झुकलेली. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. लताई बसली आणि तिने घोळवलेलं सगळं सोडून दिलं.

"मास्तर, नव्या कॉम्प्युटरवर घेतलेलं सगळं वाया गेलं. मी तो घाईने घेतला. नीट तपासला नाही. जुना देऊनही टाकला होता. ती वाक्यं पुन्हा वाचावी लागतील."

काकूंच्या हातातला शर्ट तसाच राहिला. "पुन्हा म्हणजे? सगळी?"

"नव्यावरची. बहुतेक सगळीच."

"आता?" काकू उभ्या राहिल्या. "लताई, तुम्ही यांचं बोलणं ऐकलंय का या आठवड्यात? सकाळी मला हाक मारतात तर मला वाटतं शेजारी कुणी कण्हतंय. आवाज होता, तेव्हा तुम्ही घेतला नाहीत, आणि आता म्हणता पुन्हा वाचा? तुम्हाला नव्याची हौस. ठीक आहे. हौस कुणाला नसते? पण ती यांच्या जिवावर कशाला करायची?"

लताई मान खाली घालून बसली. काकूंनी आणखी बोलावं, शिव्या घालाव्यात, म्हणजे बरं, असं तिला वाटत होतं.

मास्तरांनी हात वर केला. वर्गात गप्प करायला करतात तसा. मग ते बोलले. शब्द तोंडातून सुटे सुटे, चिकट होऊन येत होते आणि ते ओळखायला लताईला आपलं सगळं शिक्षण पणाला लावावं लागलं.

"गाडी... ठोकली... तर उतरून... रडायचं का?" ते थांबले. श्वास घेतला. "कधी... बसायचं?"

"अहो, दमाल तुम्ही!" काकू म्हणाल्या.

"दमलो... तरी... घरीच... आहे."

काकू आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरातच ठेवलं गेलं.

दुसऱ्या दिवसापासून लताई जुना कॉम्प्युटर घेऊन त्यांच्याच घरी जायला लागली. जिने चढउतारात मास्तरांचा दम घालवण्यात अर्थ नव्हता. पंख्याचं काय करायचं हा प्रश्न तिने एका लांब वायरने सोडवला. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, दार लोटलेलं, फटीतून वायर बाहेर, आणि माइक बाहेरच्या खोलीत मास्तरांपुढे. किती साधं होतं हे! एक वायर, एवढंच. पंखा त्रास देत होता तेव्हाच हे सुचलं असतं तर? हा विचार तिला दर वेळी दार लोटताना यायचा आणि ती तो दर वेळी दाराआड ढकलायची.

आता ती प्रत्येक वाक्यानंतर आत जाऊन साठवलेला आवाज ऐकून येई. थेट माइकवरचा नव्हे, साठवलेला. पुरा आहे, तुटलेला नाही, अशी खात्री झाली की मगच पुढचं. पण या धावपळीत वेळ जायचा आणि वेळेबरोबर मास्तरांचा आवाज खाली जायचा. सुरुवातीची काही वाक्यं ठीक यायची, मग जीभ जड व्हायची, मग नुसता वारा. ती आतून बाहेर यायची तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायची भीती वाटायची. झालं ना? असं ते डोळ्यांनी विचारायचे, आणि एखाद्या वेळी तिला मान हलवून नाही म्हणावं लागायचं.

कुठली वाक्यं आधी घ्यायची हे तिने कंपनीला विचारून ठरवलं होतं. ज्या आवाजांचे नमुने कमी पडत होते ती आधी. लांबलचक वाक्यं तिने सरळ बाजूला काढली. मास्तरांनी मात्र एक अट घातली. कंपनीची पाच वाचली की एक माझं. माझं म्हणजे मला जे बोलायचंय ते.

"ते कंपनीला चालणार नाही बहुधा," लताई म्हणाली.

"कंपनीला... नको. हिला." त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

त्यांची वाक्यं साधी होती. 'जेवलीस का?' 'दाराला कडी घाल.' 'माझा चष्मा कुठे आहे?' एकदा त्यांनी बायकोला नावाने हाक मारली, नुसतं नाव, लागोपाठ तीन तऱ्हांनी: लाडाने, वैतागून आणि लांबून बोलावल्यासारखं. तेव्हा आत काकूंच्या हातातलं काम थांबलेलं लताईला ऐकू आलं.

काही दिवस आवाज निघालाच नाही. लताई यायची, वायर टाकायची, थोडा वेळ बसून परत वायर गुंडाळायची. काकू दार उघडायच्या, पाणी द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. घरी जेवायला बसली की लताई ताट तसंच सारून उठायची. नवरा म्हणायचा, "तू काही मुद्दाम केलंस का?" नव्हतंच केलं. पण मुद्दाम केलेल्या गोष्टीचं निदान काहीतरी कारण असतं, असं तिला वाटायचं.

शेवटची बैठक आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. चांगली उन्हाची सकाळ होती. मास्तरांनी पहिलं वाक्य वाचलं, दुसरं सुरू केलं आणि मध्येच थांबले. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, गळ्याची शीर ताणली गेली, आवाज मात्र आला नाही. लताई वाट पाहत राहिली. आतला पंखा दाराआडून मंद ऐकू येत होता. मास्तरांनी हळूच माइक पकडला आणि तिच्याकडे वळवून दिला, कामावरून सुटल्यावर गाडीची किल्ली परत करावी तसा. तिने तो घेतला. बरीच वाक्यं अजून राहिली होती.

"पुरे," ती म्हणाली. "मास्तर, एवढं पुरेल." पुरेल की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

कंपनीने होतं त्यातून आवाज तयार केला, पण आधीच कळवलं की नमुने कमी आहेत, काही अक्षरं नीट येणार नाहीत. लताईने तो मास्तरांच्या छोट्या टॅब्लेटवर घालून दिला तो दिवस तिला कुठल्याही परीक्षेपेक्षा जड गेला. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. हात पदरात गुंडाळलेले.

मास्तरांनी एका बोटाने बराच वेळ टाइप केलं. मग कळ दाबली.

"आज गाडी कुणी नेली?"

आवाज त्यांचा होता. अगदी त्यांचाच, तोच जरा कडक, शेवटाला वर चढणारा. फक्त 'गाडी'मधला ड पिचका पडला होता आणि मधूनच आवाज एखाद्या डब्यात बोलल्यासारखा होत होता. लताईने काकूंकडे पाहिलं नाही. पाहण्याची हिंमतच झाली नाही.

"पडसं झाल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या. "अहो, पुन्हा म्हणा."

मास्तरांनी पुन्हा कळ दाबली. मग दुसरं काही टाइप केलं. मग आपली साठवलेली वाक्यं त्यांना सापडली आणि खोलीत एकदम, जरासुद्धा न तुटता, 'माझा चष्मा कुठे आहे?' असा आवाज आला. काकू हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. मास्तरांच्या नाकावर चष्मा होता.

काही आठवड्यांनी त्या नव्या कॉम्प्युटरवर अपडेट आलं. त्यात काय काय सुधारलंय याच्या यादीत अगदी तळाशी लिहिलं होतं: बाहेरच्या माइकचा आवाज तुटण्याची अडचण दूर केली आहे. लताईने ते दोनदा वाचलं. अपडेट करून घेतलं. तिने तपासून पाहिलं, तासभर चालू ठेवून, साठवलेला आवाज ऐकून. खरंच एकही खंड नव्हता. कॉम्प्युटर चांगलाच होता. फक्त तिने घेतला तेव्हा तो तयार नव्हता, आणि मास्तरांना थांबायला वेळ नव्हता. तिने त्यावर मुलांच्या तासांच्या वेळा लावून ठेवल्या. ध्वनिमुद्रणासाठी मात्र जुनाच वापरायचा असं ठरवलं, आणि वन्संना त्याच्या बदल्यात दुसरा, तोही जुनाच, कॉम्प्युटर शोधून दिला.

महिन्याभराने ती मास्तरांकडे सहज डोकावली. ते झोपले होते. काकूंनी तिला बाहेरच बसवलं आणि आज पहिल्यांदा स्वतःही समोर बसल्या.

"माझा राग गेलाय असं समजू नका," त्या म्हणाल्या. "कधी कधी रात्री तो ड ऐकते ना, तेव्हा पुन्हा येतो."

"हो," लताई म्हणाली.

"पण तुम्ही त्या दिवशी सरळ येऊन सांगितलंत. फोनवर नाही, चिठ्ठी नाही. तेही डोक्यात आहे." काकूंनी मास्तरांचा टॅब्लेट पुढे केला. "बरं, आता हे मोठं कसं करायचं ते दाखवा. बारीक आवाजात बोललेलं त्यांना स्वतःलाच आवडत नाही. काल गॅलरीत उभं राहून खाली गाडी नीट न लावणाऱ्या माणसाला ओरडत होते, आणि त्याला काही ऐकूच जात नव्हतं."

लताईने टॅब्लेट हातात घेतला आणि आवाज वाढवायची जागा शोधायला लागली.